थॅनोसचा हिशोब : खायला काळ, भुईला भार?



रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात बारा प्रेषितांची नावे विचारली की सहा-सात नावांवर गाडी अडते. पण 'अ‍ॅव्हेंजर्स'मधले वीर कोण, असे विचारा. सगळा वर्ग एका सुरात सांगतो : आयर्न मॅन, कॅप्टन अमेरिका, थॉर, हल्क, ब्लॅक विडो, हॉकआय. यावरून मुलांवर रागावण्यात अर्थ नाही. आज जे आजोबा झाले आहेत त्यांनी इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ पुस्तकात लपवून वाचला आहे. आज जे आई-बाबा आहेत ते १९९७ नंतर दूरदर्शनवर 'शक्तिमान' लागला की हातातला घास सोडून पळत होते. अतिमानवी वीर आणि त्यांच्यापुढे उभी ठाकलेली अघोरी शक्ती, ही गोष्ट प्रत्येक पिढीला हवी असते. म्हणून मुलांनी हे पाहावे की नाही यापेक्षा, पाहून झाल्यावर घरात कोणता प्रश्न विचारावा, याचा विचार आम्हांला अधिक महत्त्वाचा वाटतो.

आजच्या अभ्यासासाठी आम्ही दोन चित्रपट घेतले आहेत : 'अ‍ॅव्हेंजर्स : इन्फिनिटी वॉर' (२०१८) आणि 'अ‍ॅव्हेंजर्स : एन्डगेम' (२०१९). दोन्ही चित्रपट मिळून गोष्ट एकच आहे. तिच्यातल्या खलनायकाचा विचार परग्रहावरचा नसून तो आपल्या माजघरातही पाट टाकून बसलेला असतो, हे आपण पाहणार आहोत.

१. गोष्ट थोडक्यात

ज्यांनी चित्रपट पाहिला नाही त्यांच्यासाठी सार सांगतो. थॅनोस हा टायटन नावाच्या ग्रहावरचा महाबलाढ्य पुरुष. त्याच्या ग्रहावर माणसे वाढली, अन्न-पाणी अपुरे पडू लागले. त्याने उपाय सुचवला : गरीब-श्रीमंत भेद न करता चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे अर्धी माणसे मारावीत, म्हणजे उरलेली अर्धी सुखाने जगतील. लोकांनी त्याला वेडा ठरवले. पुढे ग्रह उजाड झाला आणि आपलेच खरे होते अशी त्याची खात्री पटली. मग साऱ्या विश्वातले अर्धे जीव नष्ट करण्याचे व्रत त्याने घेतले. त्यासाठी सहा दिव्य मणी मिळवून सोनेरी हातमोज्यात बसवायचे आणि एक चुटकी वाजवायची, एवढेच बाकी होते.

अ‍ॅव्हेंजर्सचा संघ त्याला अडवायला निघतो, पण हा संघ आधीच फुटलेला आहे. दोन वर्षांपूर्वी आलेल्या चित्रपटात आयर्न मॅन आणि कॅप्टन अमेरिका यांचे भांडण होऊन बोलणे बंद झालेले असते. त्यामुळे अर्धे वीर एका ग्रहावर लढतात, अर्धे दुसरीकडे, आणि दोन्हीकडे हरतात. थॅनोस चुटकी वाजवतो. अर्धे जग राख होऊन वाऱ्यावर उडते. तो मात्र एका शांत ग्रहावर शेतातल्या झोपडीत जाऊन काम फत्ते झाल्याच्या समाधानाने बसतो.

२. हा खलनायक निराळा का?

जुन्या गोष्टींतल्या दुष्टाला राज्य हवे असते, धन हवे असते. 'शक्तिमान'मधल्या किल्विषला अंधार हवा होता. असा दुष्ट लहान मुलालाही ओळखता येतो. थॅनोसचे तसे नाही. कॉमिक्समध्ये तो १९७३ साली प्रथम आला. जिम स्टारलिन हा त्याचा कर्ता. त्याचे नाव मृत्यूसाठी असलेल्या ग्रीक शब्दाशी नाते सांगते. १९९१ च्या कॉमिक्समध्येही तो अर्धे विश्व मारतो, पण तेथे कारण वेगळे आहे. स्त्रीरूपातल्या मृत्यूवर त्याचे प्रेम असते आणि तिला खूश करण्यासाठी तो हे करतो. चित्रपटवाल्यांनी हे कारण काढून टाकले आणि तेथे भूक ठेवली. या एका बदलाने तो अधिक भयंकर झाला, कारण आता तो आपल्या भल्याचे बोलतो. चित्रपट पाहून आलेल्या काही तरुणांकडून आम्ही ऐकले आहे, "फादर, पद्धत चुकीची, पण मुद्दा बरोबर होता ना?"

या मुद्द्याला जुना इतिहास आहे. इंग्लंडमधल्या थॉमस माल्थस यांनी १७९८ साली मांडले की लोकसंख्या अन्नापेक्षा वेगाने वाढते. भूक, रोगराई आणि दुःख तिला आवर घालतात. माल्थस हे स्वतः धर्मोपदेशक होते. पण त्यांचा सिद्धान्त हाती घेऊन पुढे अनेकांनी गरिबाला मदत करणेच चूक ठरवले. पोटाच्या नावाने सुरू होणाऱ्या तर्काकडे सावधपणे पाहायला शुभवर्तमानानेही आपल्याला शिकवले आहे. अरण्यात सैतान येशूकडे आला तेव्हा त्याने पहिली गोष्ट काढली ती भाकरीचीच (मत्तय ४:१-४).

३. 'अर्धा महाराष्ट्र' आपण पाहिलेला आहे

थॅनोसचा मुद्दा बरोबर आहे का, हे तपासायला परग्रहावर जायला नको. जनगणनेचे आकडे पुरे आहेत. २०११ साली महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख होती. १९७१ साली ती ५ कोटी ४ लाख होती. म्हणजे अर्ध्याहूनही कमी. थॅनोसला हवा असलेला अर्धा महाराष्ट्र आपल्या आजी-आजोबांनी डोळ्यांनी पाहिला आहे. मग त्या महाराष्ट्रात सुबत्ता होती का? पुढच्याच वर्षी, १९७२ साली, आपल्या जिल्ह्यासह राज्यात दुष्काळ पडला. विहिरी आटल्या, गुरे कवडीमोलाने गेली, लोकांनी परदेशातून आलेल्या तांबड्या मिलोच्या भाकरी खाल्ल्या. माणसे निम्मी होती, तरी ताट रिकामे होते.

जगाचेही तसेच. जगाची लोकसंख्या १९७४ च्या सुमारास ४०० कोटी होती. नोव्हेंबर २०२२ मध्ये ती ८०० कोटी झाली. थॅनोसची चुटकी आज वाजली तर जग फार तर पन्नास वर्षे मागे जाईल, आणि तेव्हाच्या जगातही उपाशी माणसे होतीच. भुकेचे कारण नुसत्या डोक्यांच्या संख्येत शोधणारा माणूस वाटपाकडे, साठवणुकीकडे आणि लोभाकडे पाहायचे विसरतो.

१९७२ च्या दुष्काळात लोक जगले कसे, हे तरुणांनी घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारावे. रस्ते, पाझर तलाव, नालाबांध यांची कामे निघाली. १९७३ च्या उन्हाळ्यात या कामांवर जवळजवळ ५० लाख माणसे होती. सुकडी वाटली गेली. त्यातूनच वि. स. पागे यांच्या विचारातली रोजगार हमी योजना राज्यभर उभी राहिली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. तिला पैसा कोठून आला? १९७५ पासून पगारदार आणि व्यावसायिक यांच्यावर व्यवसाय कर बसवण्यात आला. मुंबईतल्या कारकुनाच्या पगारातून थोडे कापले गेले आणि खेड्यातल्या मजुराच्या हाताला काम मिळाले. अर्धी माणसे काढून टाकण्याऐवजी सगळ्यांनी थोडे थोडे सोडले.

आपल्याच जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने हाच धडा पाण्याबाबत गिरवला. पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने १९९० पासून गावाने पाणी अडवले, शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी केली, उसासारखी तहानलेली पिके सोडली आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडायला सुरुवात केली. हाही हिशोबच आहे. त्यात कोण नको हे पाहत नाहीत, कोणी किती वापरावे हे पाहतात.

गोदावरीचे पाणी वर किती आणि खाली किती, या वादाची झळ आपल्या तालुक्याला नेहमी बसते. कोणाचा हक्क किती हे कायद्याने आणि न्यायाने ठरावे, त्यासाठी भांडावेही. पण "खालच्यांचे काय ते खालचे बघतील" किंवा "वरच्यांचे काय ते वरचे बघतील" असे ज्या दिवशी आपण म्हणतो, त्या दिवशी थॅनोस आपल्या ओसरीवर येऊन बसतो.

४. माजघरातला थॅनोस

आपल्या भाषेत एक म्हण आहे : खायला काळ आणि भुईला भार. ज्याचा काही उपयोग नाही, जो नुसता खातो, अशा माणसाविषयी ती सर्रास वापरली जाते. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यासाठी, नोकरी न लागलेल्या मुलासाठी, मतिमंद लेकरासाठी, नवऱ्याने टाकल्यामुळे माहेरी आलेल्या बहिणीसाठी. थॅनोसचे सगळे तत्त्वज्ञान या चार शब्दांत बसते. तो निदान चिठ्ठ्या टाकतो. आपण तर नेमके जो बोलू शकत नाही त्यालाच निवडतो.

हे अतिशयोक्त वाटत असेल तर आणखी एक आकडा पाहा. सहा वर्षांपर्यंतच्या बालकांत दर हजार मुलग्यांमागे महाराष्ट्रात २००१ साली ९१३ मुली होत्या. २०११ साली ८९४ उरल्या. गर्भलिंग तपासणीविरुद्ध आपल्या राज्यात १९८८ पासून आणि देशात १९९४ पासून कायदा असूनही ही घट झाली. या मुली कोणत्या परग्रहावरच्या राक्षसाने नेल्या? "हुंडा कोठून आणायचा, शेतीचे वाटे किती करायचे," असा हिशोब करणाऱ्या घरांनीच त्या नेल्या. कुटुंब किती मोठे असावे याचा पती-पत्नीने जबाबदारीने विचार करणे वेगळे आणि जो जीव आलेलाच आहे त्याला भार ठरवणे वेगळे, हा फरक ध्यानात ठेवावा.

थॅनोसचा हिशोब शुभवर्तमानातही आला आहे. येशूने लाजरसला मेलेल्यांतून उठवले तेव्हा आनंद व्हायला हवा होता, पण धर्मसभा घाबरून जमली. तेथे मुख्य याजक कयफा याने सल्ला दिला, त्याचा आशय असा : सगळे राष्ट्र बुडण्यापेक्षा एका माणसाने मरणे आपल्या सोयीचे आहे (योहान ११:४७-५३). कयफा काही शिंगे असलेला राक्षस नव्हता. तो जबाबदार पदावरचा, शिकलेला, राष्ट्राची काळजी वाहणारा माणूस होता. त्याचा हिशोब आकड्यांत पाहिला तर चोख आहे : एक विरुद्ध सगळे. पुढचे मात्र आपण घाईने वाचतो. पुढच्याच अध्यायात मुख्य याजक लाजरसलाही मारण्याचा बेत करतात (योहान १२:१०). एकाचे दोन झाले. हा हिशोब एकदा सुरू झाला की थांबत नाही.

चित्रपटातही तेच घडते. 'एन्डगेम'च्या अखेरीस थॅनोस पाहतो की उरलेली अर्धी माणसे गेलेल्यांना विसरायला तयार नाहीत. मग तो ठरवतो की आता सगळेच विश्व पुसून नवे घडवावे, ज्यात आपण काय गमावले हे कोणाला ठाऊकच नसेल. अर्ध्याचे सगळे झाले. जो म्हणत होता 'हे तुमच्यासाठीच करतो', त्याला शेवटी आपल्याशी सहमत होणारीच माणसे हवी होती.

५. किंमत कोण देतो?

मग अ‍ॅव्हेंजर्स आणि थॅनोस यांत फरक कोणता? बळ म्हणाल तर दोघांकडे आहे. मणी आज याच्या हाती, उद्या त्याच्या. इतकेच काय, 'एन्डगेम'च्या सुरुवातीलाच थॉर थॅनोसचे मुंडके उडवतो. त्याने काय साधले? गेलेल्यांपैकी एकही माणूस परत आला नाही. खलनायक मेला, पण दुष्परिणाम तसाच राहिला. सूड घेऊन थॉर पाच वर्षे स्वतःच खचून बसतो. मुलांशी बोलताना हा प्रसंग अवश्य काढावा.

खरा फरक आत्म्याच्या मण्यापाशी दिसतो. हा मणी मिळवायचा तर जिवलगाचा बळी द्यावा लागतो, अशी अट आहे. पहिल्या चित्रपटात थॅनोस तेथे येतो, रडतो आणि आपल्या मानलेल्या मुलीला, गॅमोराला, कड्यावरून ढकलून देतो. दुसऱ्या चित्रपटात त्याच कड्यावर ब्लॅक विडो आणि हॉकआय हे दोन मित्र येतात. अट तीच, मणी तोच. पण येथे दोघे भांडतात ते 'मी जातो, तू राहा' यासाठी. शेवटी ब्लॅक विडो स्वतः उडी घेते. दोघांच्याही डोळ्यांत पाणी आहे, दोघेही त्याला त्याग म्हणतात, पण एकाने दुसऱ्याचा जीव दिला आणि दुसरीने स्वतःचा. शेवटची चुटकी वाजवताना आयर्न मॅनही हेच करतो : त्या चुटकीची किंमत तो स्वतः चुकवतो.

जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट यांनी १७८५ साली हा नियम मांडला होता : कोणत्याही माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये. गॅमोरा थॅनोससाठी साधन झाली. 'तू माझी लाडकी' असे म्हणत म्हणत तिला साधन केले, हे अधिक दुःखद आहे.

येथे एक धोक्याची सूचना. आपल्या घरांत 'त्याग' हा शब्द बहुधा सुनेला, आईला, थोरल्या बहिणीला ऐकवला जातो. "तूच समजून घे, तूच शाळा सोड, तूच माहेरचा हिस्सा सोड." त्याग स्वतः करायचा असतो, दुसऱ्याकडून करवून घ्यायचा नसतो. दुसऱ्याला त्याग शिकवणारा माणूस त्या कड्यावर थॅनोसच्या जागी उभा असतो. प्रभू येशूने कयफाच्या हिशोबातून क्रूस पत्करला म्हणून कयफा बरोबर ठरत नाही. "माझा जीव कोणी माझ्याकडून घेत नाही, मी आपण होऊन तो देतो," या आशयाचे प्रभूचे उद्गार (योहान १०:१८) म्हणूनच फार मोलाचे आहेत.

६. आपल्या बेटावरची गोष्ट

असा प्रसंग शोधायला फार दूर जायला नको. कोपरगाव बेटावरचे शुक्राचार्यांचे मंदिर आपल्याला माहीत आहे. ते आपल्या शेजाऱ्यांचे श्रद्धास्थान आहे. तालुक्यातल्या संस्थांना लाभलेले 'संजीवनी' हे नावही त्याच कथेची आठवण देते. महाभारताच्या आदिपर्वातली ही कथा आपण आदराने, एक बोधकथा म्हणून पाहू.

देव आणि असुर यांचे युद्ध चालले होते. असुरांचे गुरू शुक्राचार्य यांना मेलेल्यांना उठवण्याची विद्या येत होती, त्यामुळे देवांचा संघ कितीही पराक्रमी असला तरी जिंकत नव्हता. देवांनी मग नवे शस्त्र शोधले नाही. त्यांनी बृहस्पतीचा मुलगा कच याला विद्यार्थी म्हणून शुक्राचार्यांकडे पाठवले. असुरांनी त्याला दोनदा मारले आणि गुरूंनी दोनदा उठवले. तिसऱ्या वेळी असुरांनी त्याची राख मद्यात कालवून गुरूंनाच पाजली. आता कच जगायचा तर गुरूचे पोट फाडूनच बाहेर येणार. शुक्राचार्यांनी पोटातल्या शिष्याला संजीवनी विद्या शिकवली. तो बाहेर आला आणि गुरू गतप्राण झाले. (मद्याचा हा भाग कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या 'विद्याहरण' या १९१३ च्या नाटकामुळे मराठी माणसाला विशेष ठाऊक आहे.)

आता कचाचा क्षण पाहा. विद्या हाती आली आहे. शत्रुपक्षाचा गुरू समोर मरून पडला आहे. काहीही न करता निघून गेला तर आपल्या पक्षाचा विजय पक्का. थॅनोसने, कयफाने, किंवा कोणत्याही हुशार सेनापतीने एकच सल्ला दिला असता. कचाने पहिल्यांदा विद्या वापरली ती गुरूला उठवण्यासाठी. ज्याने आपल्यासाठी जीव दिला त्याला मेलेला सोडून मिळालेला विजय त्याला नको होता.

७. समारोप

संत ऑगस्टीन तरुणपणी नऊ वर्षे मानी पंथात होते. जगात चांगली आणि वाईट अशा दोन तुल्यबळ शक्ती झुंजत आहेत, असे तो पंथ मानी. पुढे त्यांना उमगले की वाईट ही स्वतंत्र सत्ता नाही, ती चांगल्याची उणीव आहे. कापडाला भोक पडावे तशी. म्हणून ख्रिस्तसभा सैतानाला मानते, पण देवाच्या बरोबरीचा मानत नाही. सुपरहिरोंच्या चित्रपटांत हे बहुधा निसटते. तेथे दुष्ट समोर उभा असतो आणि आपण सगळे चांगल्यांच्या बाजूला. प्रत्यक्षात भोक आपल्याच कापडाला पडलेले असते, आणि ते पडते ते 'अमुक माणूस नसता तर किती बरे झाले असते' या एका विचाराने.

आपल्या घरात, वस्तीत, धर्मग्रामात कोणाला भुईचा भार म्हटले जात आहे, ते या आठवड्यात पाहू या. त्याच्या अंथरुणाशी अर्धा तास बसायला दिव्य मणी लागत नाहीत.

घरी चर्चेसाठी :

१) आपल्या घरात 'खायला काळ' ही म्हण शेवटची कोणाबद्दल वापरली गेली? त्या व्यक्तीने ती ऐकली असेल का?

२) १९७२ चा दुष्काळ पाहिलेल्या व्यक्तीकडून मुलांनी त्या वर्षीची एक आठवण ऐकावी. त्या वेळी कोणी कोणाला काय दिले?

३) घरात त्याग नेहमी एकच व्यक्ती करते का? या महिन्यात तिच्याऐवजी कोण काय सोडू शकेल?

४) मुलांसाठी : थॅनोस आणि ब्लॅक विडो दोघेही कड्यावर रडतात. त्यांच्या रडण्यात फरक कोणता?